विरजण कोणाच्या हातात?



परतीचा पाऊस उभ्या ज्वारीवर पडला की कणसे काळी पडतात. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, नाक मुरडतो आणि भाव पाडतो. बुरशी म्हणजे नुकसान, एवढेच आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. जगात मात्र काही कारखानदार मुद्दाम बुरशी पाळतात. गोठ्यातल्या जनावराला चारा घालावा तसा तिला तेल, कोंडा, भुसा घालतात आणि तिच्याकडून वास काढून घेतात. आइस्क्रीमचा वास, बिस्किटाचा वास, शीतपेयाचा वास. डब्यावर छापतात, 'नैसर्गिक स्वाद'.

या धंद्यातला कच्चा माल शेतात पिकतो. त्यातला काही तर आपल्याच बांधावर उगवतो. मग दाम कोणाच्या खिशात जातो आणि का जातो, हे आपण समजून घेतले पाहिजे. उद्या कोणी गाडी घेऊन गावात येईल, 'बुरशीतून सोने' अशी रंगीत पत्रके वाटेल. त्या वेळी आपल्याजवळ विचारायला प्रश्नच नसतील तर नेहमीप्रमाणे मान आपलीच कापली जाईल.

भाव नाकाने ठरत नाही

व्हॅनिलाचा वास सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वासाचा मुख्य पदार्थ म्हणजे व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या वेलीच्या शेंगेत तो तयार होतो. १८७४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो शेंगेवाचून बनवून दाखवला. आज जगात विकला जाणारा बहुतेक व्हॅनिलिन खनिज तेलापासून निघालेल्या रसायनांतून बनतो आणि स्वस्तात मिळतो. पण हाच पदार्थ वनस्पतीच्या मालावर बुरशी किंवा दुसरा सूक्ष्म जीव सोडून काढला, तर त्याला कित्येक पट जास्त भाव येतो. दोन्ही पदार्थांची घडण एक. वास एक. नाकाला फरक कळत नाही, जिभेला कळत नाही.

फरक कळतो तो कायद्याला. युरोपातल्या देशांनी १९८८ साली नियम केला की वनस्पतीच्या मालापासून आंबवून किंवा विकरांच्या साहाय्याने काढलेला स्वादही 'नैसर्गिक' म्हणून विकता येईल. २००८ च्या नव्या कायद्यातही त्यांनी ही तरतूद ठेवली. अमेरिकेच्या नियमातही आंबवणीला जागा आहे. आपल्याकडे २०११ साली अन्नसुरक्षेचे नियम छापले गेले, त्यांत नैसर्गिक स्वादाची व्याख्या केली ती 'केवळ भौतिक प्रक्रियेने' मिळवलेला स्वाद अशी. म्हणजे दाबून, उकळून, ऊर्ध्वपातन करून काढाल तर नैसर्गिक. ज्या देशात घरोघरी पीठ आंबवतात, कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, त्या देशात नियम लिहिणाऱ्यांना आंबवणे हा शब्द आठवला नाही.

शेतकऱ्याने यातून एक गोष्ट गाठीला बांधावी. कापसाची प्रत ठरवणारी ओळ असो, ज्वारी खरेदी केंद्रावरची 'योग्य सरासरी दर्जा' ही ओळ असो, की डब्यावरचा 'नैसर्गिक' हा शब्द असो. भाव मालाइतकाच त्या ओळीत असतो. आणि ती ओळ लिहिली जाते तेव्हा आपण तिथे नसतो.

बांधावरची एरंडी

आता आपल्या बांधावरच्या एरंडीचे उदाहरण घ्या. जगातल्या एरंडीपैकी बहुतेक एरंडी भारतात पिकते आणि त्यातला मोठा वाटा शेजारच्या गुजरातचा. खान्देशात ती कपाशीच्या कडेला, बांधावर, पडीक तुकड्यावर असते. आपण तिला पीक म्हणून फार मोजत नाही.

एरंडीच्या तेलात एका विशिष्ट आम्लाचे प्रमाण ८५ ते ९० टक्के असते. त्याचे नाव रिसिनोलिक आम्ल. असे दुसरे सहज मिळणारे तेल जगात नाही. यारोविया नावाचे एक यीस्ट आहे. यीस्ट हेही बुरशीच्याच कुळातले, फक्त एका पेशीचे. या यीस्टला एरंडीच्या तेलावर वाढवले की ते त्या आम्लाची साखळी तोडू लागते. ती साखळी अठरा कांड्यांच्या उसासारखी समजा. यीस्ट प्रत्येक घावाला दोन कांडी तोडते. चार घाव झाले की दहा कांडी उरतात. तिथे ते थांबवता आले, तर उरलेला तुकडा स्वतःभोवती वळून बसतो आणि त्याला पिकलेल्या पीचचा, म्हणजे आडूच्या फळाचा, वास येतो. जर्दाळूतही हाच पदार्थ असतो. त्याला गॅमा डेकालॅक्टोन म्हणतात.

कसब सगळे त्या थांबवण्यात आहे. यीस्टला ते दहा कांड्यांचे उरलेले बुंधेही खाऊन टाकायचे असतात. हवा किती द्यायची, तेल किती घालायचे, कुठल्या तासाला टाकी रिकामी करायची, यावर माल हाती लागतो किंवा यीस्टच्या पोटात जातो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा नैसर्गिक पदार्थ किलोला हजारो डॉलरने विकला जात होता, कारण फळातून तो चिमूटभरही निघत नाही. यीस्टची रीत कारखान्यात बसली आणि पुढच्या वीसेक वर्षांत भाव काही शे डॉलरवर आला. ज्यांच्या हाती ते यीस्ट आधी आले, त्यांनी मधल्या काळात कमावले. एरंडी पिकवणाऱ्याला त्या हजारो डॉलरच्या काळातही एरंडीचाच भाव मिळत होता.

कोणी म्हणेल, मग एरंडी जास्त लावू. जरा हिशेब मांडू. जगात या पदार्थाची मागणी वर्षाला काही शे टन धरली जाते. आपण ५०० टन धरू. दहा किलो तेलातून एक किलो पदार्थ निघतो असा सढळ हाताने अंदाज केला, तर ५,००० टन तेल लागेल. एरंडीत तेल निम्म्याच्या जवळपास, म्हणजे ११ हजार टन एरंडी पुरते. देशात दर वर्षी १५ लाख टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त एरंडी होते. जगभरच्या आडूच्या वासाला आपल्या एरंडीतला शंभरावा भागही लागत नाही. या मागणीने एरंडीचा भाव क्विंटलमागे रुपयाने हलणार नाही. पैसा एरंडीत नाही, यीस्टमध्ये आहे.

कोंडा आणि ज्वारी

दुसरे उदाहरण मक्याचे. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे. मक्यातून स्टार्च निघाल्यावर साल म्हणजे कोंडा उरतो आणि तो पशुखाद्यात जातो. या सालात फेरुलिक आम्ल नावाचा पदार्थ असतो, वाळल्या सालाच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के. धान्यांच्या कोंड्यात तो सगळीकडेच आढळतो, ज्वारीच्याही, पण मक्याच्या सालात सर्वांत जास्त. फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात दोन बुरश्या जोडीने कामाला लावल्या. पहिली ॲस्परजिलस नायजर, कांद्यावर काळी भुकटी धरते ती. तिने फेरुलिक आम्लाचे अर्धे काम केले. दुसरी शेंदरी रंगाची, वाळल्या लाकडावर उगवणारी. तिच्या जवळच्या जातीची बुरशी आपल्याकडेही पावसाळ्यात लाकडांवर दिसते. तिने उरलेले काम केले आणि व्हॅनिलिन हाती आला. एका लिटरमागे ग्रॅमाहून कमी, पण आला. पुढे दुसऱ्या कारखानदारांनी तांदळाच्या कोंड्यातून काढलेले हेच आम्ल घेऊन, बुरशीऐवजी जिवाणू वापरून, धंदा उभा केला.

तिसरे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. हरभऱ्याला मर लागू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला आपण ट्रायकोडर्मा चोळतो. ही हिरवी बुरशी वाढवण्याची साधी रीत म्हणजे ज्वारीचे दाणे भिजवून, अर्धवट शिजवून, पिशवीत भरून, वाफेने निर्जंतुक करायचे आणि त्यांवर शुद्ध विरजण सोडायचे. दहा-पंधरा दिवसांत दाणे हिरवे होतात. ट्रायकोडर्माचे काही वाण वाढताना नारळाचा स्पष्ट वास देतात. १९७२ साली तो वासाचा पदार्थ ओळखला गेला. नारळाच्या स्वादासाठी त्याची किंमत आहे. फ्रान्समध्येच उसाच्या चिपाडावर ही बुरशी वाढवून तो काढण्याचे प्रयोग झाले. आणि गंमत अशी की आपल्याला जो नारळाचा वास लागतो, ते त्या बुरशीचे हत्यार आहे. मर रोगाच्या बुरशीला मागे हटवायला ती तो सोडते. एकच पदार्थ, कारखान्यात स्वाद आणि शेतात राखणदार.

पण इथेही आकडा पाहा. त्या प्रयोगात किलोभर वाळल्या मालामागे तीन ग्रॅमच्या आसपास पदार्थ निघाला, तोही प्रयोगशाळेतल्या काटेकोर व्यवस्थेत. तो वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, तपासून घ्यायचा, हा खर्च निराळा. खेड्यात चूल मांडून स्वाद काढण्याचा हा धंदा नाही. असे सांगणारा माणूस अज्ञानी असेल किंवा ठग असेल.

आता कपाशीवाल्यांनी विचारावे, आमच्या पऱ्हाटीचे काय? देशात दर वर्षी अडीच-तीन कोटी टन पऱ्हाटी निघते आणि तिचा बराच भाग जाळला जातो. पऱ्हाटीतही वासाच्या पदार्थांचा कच्चा माल आहे, पण तो लाकडात गच्च बांधलेला आहे. तो सोडवण्याचा खर्च आज स्वादाच्या भावाला पेलत नाही. बुरशीला पऱ्हाटी चारायची असेल तर आजचा खात्रीचा मार्ग धिंगरी अळिंबीचा आणि खताचा. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ पासून कापसावर काम करणाऱ्या संस्थेने, आजच्या सिरकॉटने, या दोन्हींच्या रीती बसवल्या आहेत. वेळेवर पऱ्हाटी उपटून कुजवली तर गुलाबी बोंडअळीची पुढच्या वर्षाची सोयही मोडते. २०१७ साली या अळीने काय केले ते कापूसवाल्यांना सांगायला नको.

जी बुरशी जीव घेते

बुरशीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली तर पाप लागेल. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात भिल्ल वस्त्यांत बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली. मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते. ते ॲस्परजिलसच्याच एका जातीने सोडले होते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी आणि हगवण लागली. तिथे फ्युमोनिसिन हे दुसऱ्या बुरशीचे विष सापडले.

म्हणजे काळी ज्वारी ही आपोआप स्वादाची खाण होत नाही. कारखानदार जी बुरशी पाळतो ती एकाच वाणाची, ओळख पटलेली, इतरांचा संसर्ग नसलेली असते. कणगीत आपसूक येते ती पन्नास जातींची जत्रा असते. पांढऱ्या दादरचा भाव वेगळा आणि काळ्या खरीप ज्वारीचा वेगळा, हे व्यापाऱ्याने केले म्हणून चिडायला हरकत नाही. पण काळा दाणा घरात खायला ठेवून चांगला दाणा बाजारात नेण्याची आपली सवय लेकराबाळांच्या जिवावर येते. हे मायबहिणींनी घराघरांत सांगावे. विष डोळ्याने दिसत नाही, ते तपासावेच लागते.

विरजण म्हणजे बियाणे

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत एकच धागा आहे. तेल स्वस्त, कोंडा स्वस्त, ज्वारी स्वस्त. महाग आहे ते विरजण. कुठला वाण, तो किती शुद्ध, त्याला किती दिवस कसा सांभाळला, आणि कुठल्या तासाला थांबवला, यालाच दाम आहे. विरजण म्हणजे जिवंत बियाणे. २००२ नंतर कपाशीच्या पाकिटाने आपल्याला शिकवले की ज्याच्या हाती बियाणे, त्याच्या हाती आपल्या खर्चाचा आकडा. विरजणाचेही तसेच होणार आहे, किंबहुना झालेच आहे.

पण इथे एक फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. सार्वजनिक पैशातून जमवलेले विरजणांचे मोठे भांडार महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला उपयोगी सूक्ष्म जीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून अशा विषयांची माणसे घडवते. राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे. जळगावला १९९० साली विद्यापीठ सुरू झाले, २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव ज्या विद्यापीठाला दिले, त्याच्या प्रयोगशाळेचे दार शेतकऱ्याला परके वाटू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

फसायचे नसेल तर

गोड वासाच्या धंद्यात शेतकरी कसा बुडतो याचा दाखला देशातच आहे. २००० साली मादागास्करला वादळ झाले, तिथली व्हॅनिला गेली आणि जगात भाव भडकला. केरळ-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी बागा उठवून वेल लावले. हिरव्या शेंगेला किलोला तीन हजारांच्या वर भाव पाहिला आणि काही वर्षांतच तो शंभराच्या खाली पाहिला. आपल्याकडे सफेद मुसळी झाली, जट्रोफा झाला, २०१२ च्या सुमारास इमूच्या योजना कोसळल्या. प्रत्येक वेळी माल नवा होता, पण करारनामा जुनाच: बेणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच घेऊ.

म्हणून बुरशीचा किंवा स्वादाचा कोणी करार घेऊन आला तर पाच प्रश्न विचारा. विरजण कोणत्या वाणाचे, कुठल्या संग्रहातले, त्याचा दाखला कुठे? शंभर किलो मालातून किती ग्रॅम पदार्थ निघतो, आणि हे कोणी तपासले? तो पदार्थ आज कोण विकत घेतो, त्याची पावती दाखवा. माल नापास ठरवण्याची तपासणी कोण करणार, तुम्ही की तिसरा कोणी? आणि तुम्ही घेतला नाही तर हा माल दुसरीकडे विकायची मला मोकळीक आहे का? पाचपैकी एकाही प्रश्नाला तो अडखळला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

सरकारकडेही भीक मागायची नाही. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा ज्वारीवाल्यांच्या नावाने बरेच ढोल वाजले. ते अनुदान लिटरमागे कारखान्याला होते, क्विंटलमागे शेतकऱ्याला नव्हते. स्वादाच्या नावानेही तसले काही आले तर आपण आधीच 'नको' म्हणावे.

मागायच्या त्या तीन गोष्टी. पहिली, बाजार समितीत ज्वारी आणि मक्याच्या विषाची तपासणी व्हावी आणि आकडा पावतीवर यावा. ज्याचा माल स्वच्छ निघेल त्याला आकड्यावर भाव मागता येईल. उद्या कोंडा स्वादासाठी घेणारा कोणी आला तरी तो आधी हेच विचारणार आहे. दुसरी, कृषी विद्यापीठाने आणि कृषी विज्ञान केंद्रांनी शुद्ध विरजण वाणाचे नाव, तारीख आणि किंमत लिहून शेतकरी गटांना द्यावे आणि ते सांभाळायला शिकवावे. तिसरी, नैसर्गिक स्वादाच्या नियमात आंबवणीला स्पष्ट शब्दांत जागा असावी, म्हणजे देशातला माल देशात आंबवून विकणाऱ्याला परदेशी डब्यापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

आणि आपण करायची एक गोष्ट. प्रत्येक तालुक्यात एका गटाने या हंगामात ट्रायकोडर्मा स्वतःच्या ज्वारीवर, केंद्राच्या देखरेखीखाली, स्वतःच्या शेतापुरता वाढवून पाहावा. विकायचा असेल तर कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, हे लक्षात ठेवावे. यात आडूचा वास नाही, डॉलर नाही. हरभऱ्याची मर कमी झाली आणि दुकानातली पिशवी वाचली एवढाच फायदा आहे. पण पिशवी निर्जंतुक कशी करायची, खराब विरजण ओळखायचे कसे, तारीख का लिहायची, हे हाताला कळेल. ज्या गावातल्या पाच पोरापोरींना एवढे येते, त्या गावात रंगीत पत्रकवाल्याची डाळ शिजत नाही. पुढे कधी खराच कोणी कारखानदार आला, तर ते गाव त्याच्याशी मजूर म्हणून बोलणार नाही, विरजणाचा जाणकार म्हणून बोलेल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने गटाची नावे घेऊन यावे. नुसती चर्चा पुष्कळ झाली.